होंडुरासची दोन नाणी

आमच्या चेंदणी कोळीवाड्यात गोमाजीकाकांना कोणी पेढा दिला तरी ते आधी उलटा करून बघतात. वागळे इस्टेटच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर लोखंडावर तांब्याचं, सोन्याचं पाणी चढवलं; चकचकीत काही दिसलं की मनात पाल चुकचुकलीच. खिशात कायम लोहचुंबक. पाहुण्याने समई आणली तर आधी तिला चुंबक लागणार, मग पाहुण्याला चहा. मला तर रागच येतो या माणसाचा. जनीकाकूंना लग्नात घातलेल्या सोन्याच्या बांगड्याही ते सोनाराकडे देत नाहीत. दर नारळी पुनवेआधी स्वतः कारखान्यात नेऊन पॉलिश करून आणतात.

त्यांच्या मेघालीचं यज्ञेशशी जमत आलेलं. यज्ञेश मालवाहू बोटीवर नोकरीला. परवा घरी आला तेव्हा त्याने एकवीरा आईच्या फोटोपुढे होंडुरासची दोन नाणी ठेवली. दोन्ही एक सेंटावोची, तांबूस, दिसायला सारखी. तो उंबऱ्याबाहेर पडतो न पडतो तोच काकांनी चुंबक काढलं. एक नाणं चिकटलं, दुसरं नाही.

“एक खोटा हाय. पोरगा बोटीवर गेलाच नसंल. लगीन मोडला समज.”

मी शेजारचा, तिथेच बसलेलो. मेघालीने तडक यज्ञेशला फोन लावला, त्याचं ऐकून घेतलं आणि काकांकडे वळली.

“बाबा, जुनं नाणं ब्राँझचं आहे. नंतरची पोलादाची काढली, वर तांब्याचा मुलामा. दोन्ही खरी आहेत.”

“म्हंजे सरकारच लबाड?”

तिने देव्हाऱ्यातले दोन रुपये घेतले, एक जुना, एक नवा. जुना चुंबकाला चिकटला नाही, नवा चिकटला. “आता यातला खोटा कुठला?”

काका गडबडले, पण हटले नाहीत. “नान्याचा जाऊ दे. मानूस वरून एक नि आतून दुसरा, ता मना चालनार नाय.”

जनीकाकू कोळंबी सोलत होत्या. त्यांनी पदराला हात पुसले, काकांच्या हातातलं चुंबक घेतलं आणि स्वतःच्या बांगडीला लावलं. ते टक्कन चिकटलं.

काकांचा चेहरा उतरला.

“लग्नाच्या दुसऱ्या वर्साला समजला मना,” काकू म्हणाल्या. “म्हनून काय काढून टाकल्या?”

आणि त्या पुन्हा कोळंबी सोलायला बसल्या.

दोन्ही नाणी परत एकवीरा आईपुढे ठेवून काका मेघालीला म्हणाले, “पोराला आयतवारी जेवाला बोलव.”

चुंबक अजून काकूंच्या बांगडीला लटकत होतं. ते काढून घ्यायला काकांचा हात पुढे होईना.