डाग खाली, गळती वर

गाडीखाली पसरलेल्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पानावर सकाळी पुन्हा तेलाचा डाग होता. रविवारी घाट उतरून आईला आणायला जायचंय आणि गळक्या इंजिनावर माझा भरवसा नाही. तेल काढायचा खालचा बोल्ट मी तीनदा आवळला होता, तरी हे.

शेवटी इंजिन पुसून कोरडं केलं, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली आणि गाडी चालू ठेवली. नवरा जिन्यातून म्हणाला, "आता तीटही लाव!"

"तू चहा टाक," मी म्हटलं.

थोड्या वेळाने पावडरीवर काळी ओली रेघ उमटली. ती इंजिनाच्या वरच्या झाकणापासून निघाली होती. झाकणाखालचं रबरी गॅस्केट कडक झालं होतं. तेल मागच्या बाजूने ओघळत बोल्टपर्यंत येत होतं आणि मी डागाजवळचंच आवळत बसले होते.

गॅस्केट बदललं. संध्याकाळी नवं पान कोरडं निघालं, तरी मला स्वस्थता नव्हती. बाबा गेल्यापासून आई रोज फोनवर गुडघ्याचंच सांगते आणि मी मलम, पट्टा, गोळ्या पाठवत राहते.

फोन लावला.

"गुडघा तसाच आहे गं."

"गुडघा राहू दे. आज दिवसभरात कोणाशी बोललीस?"

"तुला रविवारच्या आधी नाही का जमणार?"

"गाडी झाली आहे," मी म्हटलं. "उद्या सकाळी निघते."