कचकड्याची मूठ

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकांना सगळे खटकाकाका म्हणत. जुना घडीचा चाकू हातात आला की ते तो कानाशी नेऊन मिटायचे. 'खट्' असा भरीव आवाज आला तरच पुढचं बोलणं. नुसतंच 'टक्' झालं तर चाकू परत. "स्प्रिंग मेली," एवढंच सांगायचे, डॉक्टरनं नातेवाइकांना सांगावं तसं.

चाळीस वर्षं हाच धंदा. कुणाचे आजोबा वारले, कुठला कारखाना बंद पडला, की काका तिथे हजर. आणलेले चाकू रविवारी जुन्या बाजारात टेबल मांडून विकायचे. घरात दोनशे चाकू आणि भाजी चिरायला एकच सुरी, तीही बोथट. "वापरला की भाव गेला," हा काकांचा कायदा. काकू सफरचंद दातांनी तोडत म्हणायच्या, "चाकूवाल्याच्या घरी दिलीय ना मला!"

त्यातले सर्वांत उत्तम तीस चाकू मात्र त्यांनी कधी टेबलावर मांडले नाहीत. ते एका लाकडी पेटीत, मऊ कापडावर. ही पेटी म्हणजे काकूंची तळमजल्यावरची खोली, असं दोघांत ठरलेलं होतं. काकूंचे गुडघे पार गेले होते. बासष्ट पायऱ्या उतरून रस्त्यावर येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. परगावचा एक संग्राहक पेटी एकरकमी घ्यायला तयार होता, पण काका दरवर्षी म्हणायचे, "पुढच्या वर्षी भाव चढेल." भावाचं निमित्त हो. जीव निघत नव्हता, हे मला खालच्या मजल्यावर बसून कळायचं, तर काकूंना कळत नसेल?

याच दोन वर्षांतली गोष्ट. काकांनी एक चाकू आणला, मधाच्या रंगाची मूठ असलेला. उन्हात धरला की आरपार उजळायचा. एवढ्या वर्षांत काकूंना आवडलेला पहिला चाकू.

"अहो, हा किती सुंदर आहे! कशाचा आहे?"

काकांनी मुठीकडे निरखून पाहिलं. शिंगाची मूठ आणि कचकड्याची, म्हणजे जुन्या सेल्युलॉइडची मूठ दिसायला सख्ख्या बहिणी. गरम सुई टोचली की लगेच कळतं, पण डाग कायमचा राहतो. काकू चाकू गालाला लावून बसल्या होत्या.

"शिंग," काका म्हणाले. "अस्सल शिंग."

आणि तो पेटीत गेला, बरोब्बर मधोमध. दमट हवा लागू नये म्हणून काकांनी झाकणाच्या फटीत मेण भरलं.

"अधूनमधून उघडत जा हो," काकू म्हणाल्या. "गादीलासुद्धा ऊन दाखवतो आपण."

"तुला गादी कळते. लोखंड मला कळतं."

यंदा काकू न्हाणीघरात पडल्या. हाड वाचलं, पण काकांचा धीर सुटला. त्यांनी स्वतःहून संग्राहकाला बोलावलं. तो यायच्या दिवशी सकाळी मी वर गेलो, तर काकूंनी अर्धं घर बांधून ठेवलेलं. भांड्यांचं गाठोडं, कपड्यांचं गाठोडं, सगळ्यांना सुतळीच्या करकचून मारलेल्या गाठी.

"एवढ्या घट्ट? सोडणार कोण?" मी विचारलं.

"तुझे काका. चाकू काय कमी आहेत?"

संग्राहक आला. काकूंना आतल्या खोलीत पलंगावर बसवलं. काकांनी मेण खरवडलं, झाकण उचललं, आणि नाकात आंबट, कापराचा वास घुसला. मधला चाकू उरलाच नव्हता. मूठ भुग्यासारखी विस्कटलेली. तिच्याभोवती तीसच्या तीस चाकू तांबडे, हिरवे, पात्यांवर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. कडेचे जरा कमी, मधले पूर्ण गेलेले.

"कचकड्याची मूठ?" संग्राहक हळूच म्हणाला. "बंद पेटीत? तुम्ही?"

जुनं कचकडं सडतं आणि त्याची वाफ लोखंड खाते, हे या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला स्वतः काकांनीच सांगितलं होतं, दोनदा. उघडी पेटी असती तर वाफ उडून तरी गेली असती. काकांनी एकेक चाकू उचलून उघडायचा प्रयत्न केला. एकही उघडला नाही. सवयीनं त्यांनी एक कानाशी नेला, तसाच थोडा वेळ धरला आणि खाली ठेवला. संग्राहकानं चपला घातल्या. जाताना त्यानं काकांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांना कळलंही नसावं.

"झालं का हो?" आतून काकूंचा आवाज. "आवडले ना त्याला? माझा मधाचा दाखवलात ना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पटकन पेटीकडे पाहिलं. 

"दाखवला," काका म्हणाले.

ते आत गेले. दार उघडंच होतं. काकूंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. म्हणाल्या, "मग चहा तरी करा. भांडी त्या गाठोड्यात आहेत."

काका जमिनीवर बसले. सुरीही त्याच गाठोड्यात होती. मी खालून आमची आणतो म्हणालो, तर मान हलवून नको म्हणाले.  बाजारात मांडायच्या चाकूंपैकी एखादा कपाटातून काढता आला असता, पण ते उठले नाहीत. नखांनी गाठ उकरत राहिले.