उजवी कळी

मुंबईच्या त्या कॉलेजच्या प्रेमात मी पडले ते एका मेलेल्या निवटीमुळे. हसू नका. नववीत असताना शाळेने आमचा पाणी गाळायचा प्रयोग तिथल्या विज्ञान प्रदर्शनात पाठवला होता. गाळणी वाटेतच फुटली, त्यामुळे दिवसभर मला काही कामच उरलं नाही आणि मी फिरत फिरत प्राणिशास्त्राच्या खोलीत शिरले. भिंतीभर कपाटं, कपाटांत काचेच्या बरण्या, आणि एका बरणीत चक्क निवटी! खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारा आमचा हा मासा. रोह्याच्या बाजारातून आबा तो आणायचे आणि आई त्याचं झणझणीत कालवण करायची. तो इथं बरणीत होता आणि खाली त्याचं लांबलचक परदेशी नाव लिहिलं होतं. जे आपण मिटक्या मारत खातो त्याचा कुणी अभ्यासही करतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. शिकायचं तर इथंच, असं मी त्या बरणीसमोर ठरवलं.

दहावीला मी शाळेत पहिली आले. वरसे गावाच्या पुढं, आत, भात आणि वाल पिकवणारं आमचं खेडं. तिथं शाळेत पहिली म्हणजे जगात पहिली. पण गणिताच्या बाईंचा भाचा त्याच कॉलेजात होता आणि त्याने कळवलं होतं की गेल्या वर्षी अकरावीची यादी कुठं थांबली. मी तिथून दीड टक्का खाली होते.

हा दीड टक्का मला जेवू देईना. भूगोलाचा पेपर यंदा सगळ्यांनाच अवघड गेला असेल तर यादी खाली उतरेल. पण मुंबईच्या पोरांना क्लास असतात, त्यांना कसला अवघड! मग वर चढेल. पण वर तरी किती चढेल? भाकरी भाजताना मी यादीला असं वरखाली करत बसायचे आणि तव्यावरून धूर निघायचा.

"भाकरी जळली गो!" आई ओरडायची. "आता काय टक्के खायचे आमी?"

बाईंनी सरळ मार्ग सांगितला होता. मुंबईचा अर्ज भरलाच आहे, पण पेणच्या कॉलेजातही सायन्सला अर्ज भरून ठेव. पेणला माझी मावशी राहायची, राहण्याचीही सोय होती. फॉर्म बाईंनीच आणून दिला. त्यावर फक्त आबांची सही हवी होती.

आणि नेमके त्याच आठवड्यात आबा कौल लावून आले. आले म्हणजे, मलाही घेऊन गेले होते. आमच्या गावात विहीर खणायची, लग्न जमवायचं, गुरं विकायची, काहीही असो, देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांना पाण्याने भिजवून तगरीची एकेक कळी चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा, पोरगी मुंबैच्या कॉलेजात जायाची असंल तर उजवी दे." आम्ही हात जोडून उभे राहिलो. कधी कधी कळी पडायला तासभर लागतो. इथं गुरवाचं वाक्य संपतंय तोवर उजवी कळी टपकन पडली.

"झालं तुजं काम, बाय," गुरव म्हणाला.

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मीसुद्धा दीड टक्का विसरले.

घरी आल्यावर मी पेणचा फॉर्म पुढं केला. आबांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. "कौल मिळाल्यावर दुसरं दार ठोठावायचं नसतं. आपण इचारलं, देवानं सांगितलं. आता त्याच्या तोंडावर बोलू काय, की तुज्यावर इस्वास नाय म्हणून?" मग काकांच्या विहिरीची गोष्ट निघाली. काकांनी म्हणे कौल मिळालेली जागा सोडून हावरटपणाने आणखी एक विहीर खणायला घेतली, आणि दोन्ही कोरड्या पडल्या. त्या उन्हाळ्यात अख्ख्या तालुक्यात पाणी नव्हतं, असं मी म्हणाले. आबा फक्त हसले. जिंकलेल्या माणसाला कोण समजावणार!

बाई घरी आल्या. आबांनी त्यांना चहा दिला, पिशवीभर वाल दिले, दोन वेळा नमस्कार केला. बाई टक्क्यांबद्दल जे जे बोलल्या त्याला "व्हय बाई, बरोबर हाय बाई" म्हणाले. सही मात्र केली नाही. जाताना बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला त्या हाताचा राग आला. पोरगी बुडणार हे दिसतंय आणि काठावरचे सगळे टाळ्या वाजवतायत, असं झालं होतं माझं. रागवायचं तरी कुणावर? आबा माझ्या वाईटावर नव्हते. गावात त्यांच्याइतका पोरीच्या शिक्षणामागे लागलेला बाप दुसरा नव्हता.

यादी लागायच्या दिवशी आम्ही रोह्याहून पहाटेची एस.टी. पकडली. पेणच्या स्टँडवर गाडी चहाला थांबली. पेणच्या कॉलेजात अर्ज द्यायचा तो शेवटचा दिवस होता, आणि फॉर्म माझ्या पिशवीत होता. बाकी सगळा भरलेला, फक्त सहीची जागा कोरी. मी म्हणाले, "आबा, इथं उतरूया. नुसता देऊन येऊ. कॉलेज उघडलं नसलं तर मावशीकडं ठेवू, तिच्या घरावरूनच रस्ता हाय. मागच्या गाडीनं जाऊ मुंबईला."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही वाईट बोलले होते. मग खाली उतरले. मला वाटलं, विरघळले. ते गरम वडे घेऊन आले आणि पुडी माझ्या मांडीवर ठेवली. "खा. रिकाम्या पोटी भलते इचार येतात." गाडी सुटली. मी वडा खाल्ला. रडत रडत खाल्ला, पण खाल्ला.

कॉलेजच्या व्हरांड्यात फलकावर यादी लावली होती. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. ते माझ्या मागे उभे होते, टोपी हातात घेऊन, देवळात उभे राहावं तसे. मी वरून खाली वाचलं. यादी गेल्या वर्षीपेक्षा वर थांबली होती.

"कुटं हाय तुजं नाव?"

"नाय आबा."

"परत वाच."

मी परत वाचलं. मग ते स्वतः पुढं झाले आणि न कळणाऱ्या त्या अक्षरांवरून एकेका ओळीला बोट लावत शेवटपर्यंत गेले. तिथल्या शिपायाला विचारलं, "दुसरा बोर्ड हाय का हो?" शिपाई नाही म्हणाला. प्राणिशास्त्राची खोली त्याच व्हरांड्याच्या टोकाला होती. मी तिकडे पाहिलं नाही.

परतताना पेणला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. त्या वेळी कुठलं कॉलेज उघडं असणार! पुढं बाईंनी खटपट केली, पण सायन्सच्या जागा भरून गेल्या होत्या. मी रोह्यात कॉमर्सला गेले. गुरव म्हणाला, देवाच्या मनात काहीतरी असेल. पण त्यानंतर घरातल्या कशासाठीही आबांनी कौल लावला नाही. माझं लग्नसुद्धा त्यांनी न विचारता ठरवलं, आणि गावाने त्याबद्दल बरीच तोंडं वाजवली.

लग्न होऊन मी पेणला आले. जवळच डोलवीच्या कारखान्यात एका कंत्राटदाराच्या ऑफिसात कामगारांच्या शिफ्टची हजेरी लावते. नोकरी बरी आहे, माणसं बरी आहेत. वाईट झालं असं कुणी म्हणणार नाही, आणि मीही कुणाला सांगायला जात नाही.

आई गेल्यावर आबा माझ्याकडे राहायला आले. परवा रविवारी मी मागच्या दारी निवट्या साफ करायला बसले होते. बुळबुळीत मासा तो, मीठ लावून चोळल्याशिवाय हातात राहत नाही. आबा शेजारी खुर्चीवर बसून बघत होते.

"गो बाय," ते एकदम म्हणाले, "तू होतीस ना माज्याबरोबर देवळात? उजवीच पडली होती ना गो कळी?"

इतकी वर्षं हा माणूस ती कळी पुन्हा पुन्हा पाडून बघत होता तर. माझे हात थांबले. आपणच चुकीचं पाहिलं, एवढं जरी कळलं असतं तरी त्यांना चाललं असतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण मीही पाहिली होती.

"व्हय आबा," मी म्हणाले. "उजवीच."

त्यांनी मान हलवली आणि मग बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. मी निवट्यांवर आणखी मूठभर मीठ टाकलं आणि चोळत राहिले.