मावशींनी घातलेलं कुलूप

शाळेतल्या मावशींना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. एकोणीस वर्षं त्या वर्ग झाडत, घंटा देत आणि मुलींचे संडास धूत. धुणं म्हणजे फाटकाजवळच्या नळावरून बादल्या वाहणं. चार वर्षांपूर्वी छतावर टाकी बसली, पण पाइप जोडायचा राहिला तो राहिलाच. दीडशे मुली, दोन संडास आणि एक मावशी. कंबर धरून त्या म्हणायच्या, "देवाने दोनच हात देऊन माझी चेष्टा केलीय."

शेवटी वैतागून त्यांनी एका संडासाला कुलूप घातलं. महिन्याभराने दुसऱ्यालाही. मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तपासणीला साहेब येतील तेव्हा आरशासारखं दिसेल." बाईंनाही ते पटलं. कुणी किल्ली मागायला आली की मावशी डोळे वटारायच्या, "घरून जाऊन येता येत नाही का गं?" हळूहळू मुलींनी मागणंच सोडलं. मावशींना वाटलं, लागल्या वळणाला!

सातवीत इस्त्रीवालीची मुलगी होती. गणितात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. फळ्यावर उदाहरण पुरं लिहून व्हायच्या आत हिचं उत्तर तयार. पाण्याची भरलेली बाटली मात्र ती संध्याकाळी तशीच घरी न्यायची. "बाटलीला फिरायला आणतेस होय?" असं मावशी तिला चिडवायच्या. पुढे ती महिन्यातले चार-पाच दिवस शाळेला येईनाशी झाली. वार्षिक परीक्षेत गणिताच्या पेपरला तिचा बाक रिकामाच राहिला.

दोन दिवसांनी तिची आई मोठ्या बाईंकडे आली. आवाज न चढवता म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, पाणी न पिऊन आणि लघवी दाबून दुखणं मूत्रपिंडापर्यंत गेलंय. का गं पीत नाहीस, विचारलं, तर म्हणते, मावशी ओरडतात."

मावशी दारातच उभ्या होत्या. त्यांच्याकडे कुणी बघितलंही नाही.

त्याच दुपारी त्यांनी दोन्ही कुलपं काढली आणि मोठ्या बाईंच्या मागे हात धुऊन लागल्या. "पाइप जोडेपर्यंत मी घंटा देणार नाही. भरवा शाळा कशी भरवायची ती!" दहा दिवसांत पाइप जोडला गेला. आधी आपण असं का भांडलो नाही, हे त्यांना सांगता येईना.

सुट्टी संपली तरी मुलगी परत आली नाही. आई म्हणाली, "तब्येत तोळामासा, त्यात आता मोठी झालीय. घरीच बरी."

मावशी दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन माघारी फिरल्या. तिसऱ्यांदा आत गेल्या. मुलगी शर्टाच्या बाहीवर इस्त्री फिरवत होती. माफी मागायचं ठरवून आलेल्या मावशींच्या तोंडून निघालं, "दप्तर आहे ना गं अजून?"

"धाकटीला दिलं." तिने बाही उलटली. "तुम्ही बसा ना, मावशी. तुम्ही तरी एकट्या किती बादल्या आणणार होतात?"

मावशी बसल्या नाहीत. तिने चार शब्द सुनावले असते तर सोसलं असतं, असं त्या अजूनही म्हणतात.