मथीआजीची हाक

संध्याकाळी हातपाय धुताना मथीआजी एका पायावर उभी राहायची. दाराबाहेर एक चपटा दगड होता. त्यावर डावा पाय रोवायचा, उजवा गुडघ्याशी आणायचा, तांब्यातलं पाणी ओतत टाच खसाखसा घासायची आणि मग पाय बदलायचा. भिंतीला हात लावायची नाही, काठीला तर नाहीच. वय तिलाही ठाऊक नव्हतं. आधारकार्डावर कुणीतरी एक जानेवारी ठोकून दिली होती, तिला ती हसायची. पाय धुऊन झाले की ती खालच्या घराकडे तोंड करून ओरडायची, "सोन्या, उभा हायस का?" खालून सोन्याबाबाचं "हाय!" यायचं. मग तो त्याच्या खालच्या कमळीआजीला विचारायचा, कमळीआजी तिच्या खालच्या घराला. म्हाताऱ्यांच्या सहा-सात घरांमधून ती हाक उतरत ओढ्यापर्यंत जायची. कुठे उत्तर आलं नाही, तर वरच्या घरातलं माणूस उठून बघून यायचं.

अशा बाईला कसं पडू नये, हे शिकवायला मला पाठवलं होतं.

मी जव्हारची. एका संस्थेत कामाला होते. तिचं नाव घेत नाही, घेण्यासारखं काही तिनं केलेलं नाही. कार्यक्रमाचं नाव 'तोल सांभाळा'. म्हाताऱ्या माणसांनी पडू नये म्हणून त्यांना टॅबवर व्यायाम दाखवायचे आणि ती सवय सुटू नये म्हणून ऑनलाइन पाठपुरावा करायचा. आमचं प्रशिक्षण थंडगार हॉलमध्ये दोन दिवस झालं. तिथे एक यादी मिळाली: घरातले गालिचे काढून टाका, न्हाणीघरात पकडायला दांडा बसवा, जिन्यात दिवा लावा. सूर्यमाळच्या डोंगराच्या अंगाला असलेल्या मथीआजीच्या पाड्यावर गालिचा नव्हता, न्हाणीघर नव्हतं आणि जिना तर कुणी स्वप्नातही पाहिला नव्हता. हे मला ठाऊक होतं. तरी मी ती यादी जव्हारच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतली. पावसात भिजू नये म्हणून!

पहिल्या दिवशी मी जीपच्या टपावरून प्लॅस्टिकच्या खुर्च्या नेल्या, घरटी एक. पाठ धरून टाचा उचलायच्या, हात न टेकता बसायचं-उठायचं, असे व्यायाम होते. मथीआजीनं खुर्ची उलटीसुलटी करून पाहिली, लुगड्याच्या पदरानं पुसली आणि सरळ कुडाच्या भिंतीवरच्या खुंटीला टांगली.

"आजी, ही तुमच्यासाठी आहे," मी म्हटलं.

प्रशिक्षणात 'तुम्ही' म्हणायला शिकवलं होतं. आजीनं मागे वळून पाहिलं, आणखी कोण आलंय म्हणून.

"खुर्ची पाव्हण्याला ऱ्हाते," ती म्हणाली. "आमी कनाला बसू तिच्यावं?"

"बसायला नाही, उठताना धरायला."

"मी उठाया खुर्ची धरू. मंग खुर्चीला कोन धरल?"

तिनं ती खुंटीवरून काढली, शेणानं सारवलेल्या उंचसखल जमिनीवर ठेवली आणि एका बोटानं ढकलली. खुर्ची डुगडुगली नि कलंडली. मग तीच खुर्ची सरळ करून तिनं मला तिच्यावर बसवलं आणि कोरा चहा दिला. पाड्यावर सगळ्या घरांत हेच झालं. खुर्च्या खुंटीला गेल्या आणि मी जाईन त्या घरी माझ्यासाठी खाली उतरू लागल्या. संस्थेला मी पाठवलेल्या फोटोंमध्ये म्हातारी माणसं खुर्च्यांशेजारी उभी होती. फोटो फार चांगले आले, असं मुंबईहून कळवलं गेलं.

खरी करामत पुढेच होती. पाड्यावर नेटवर्क नव्हतं. ते यायचं एकाच ठिकाणी, घरांच्या वर चढणीला एक मोठा खडक आहे तिथे. पोरं त्याला टावरदगड म्हणत. ठाण्याला कामावर गेलेल्या माणसांना फोन करायला सगळे तिथेच चढत. व्यायाम मुंबईहून एक मॅडम टॅबवरून घ्यायची, तेव्हा दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता मी म्हाताऱ्यांना तिथे चढवू लागले. कसं पडू नये ते शिकण्यासाठी सत्तरीपुढची माणसं मुरमाड वाटेनं खडकावर चढत आणि शिकून झालं की त्याच वाटेनं खाली उतरत. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. तेव्हा मात्र मी छाती काढून पुढे चालत असे.

मथीआजी एकदाही आली नाही. दारात बसून नागली पाखडता पाखडता ती आमची वरात बघायची.

"कठं चालला रं सोन्या?"

"पडू नाय म्हून शिकाया."

"मंग वर कनाला? पडाया?"

मी समजूत घालायला गेले की ती सुपातला कोंडा माझ्या दिशेनं उडवायची. "तुमची बाई मुंबईला खुर्चीत बसलीय. तिला सांग, हंडा डोक्यावं घे नि शेताच्या बांधावरनं चाल. मंग तोल काय त्यो कळल. बाय, माना शिकवू नको. माना इचार."

विचारायचं तेवढं दर आठवड्याला भरायच्या माझ्या अर्जात नव्हतं. अर्जात रकाने होते: हजर, गैरहजर, सातत्य. हजर माणसाच्या नावापुढे टॅबवर हिरवी खूण उमटायची. आमच्या पाड्याच्या खुणांची रांग सगळ्यात लांब झाली होती. मुंबईच्या बैठकीत ती मोठ्या पडद्यावर दाखवली आणि माझं नाव घेतलं. आता पाहुणे येऊन पाडा बघणार आहेत, असंही ठरलं.

त्या रांगेत सगळ्यात पक्की खूण सोन्याबाबाची. बायको जाऊन वर्षं झाली होती, मुलगा सुनेला घेऊन भिवंडीकडे कामाला. टॅबवरची मॅडम मूळची पुण्याकडची, मुंबईहून गोड बोलायची. "सोन्याबाबा, छान! टाच आणखी थोडी वर!" म्हणायची. त्या एका 'छान'साठी म्हातारा धुतलेली टोपी घालून सगळ्यांच्या आधी खडकावर जाऊन बसायचा. मुंबईची बाई आपलं नाव घेते, हे त्यानं ओढ्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं. मथीआजी त्यावरही तोंड वाकडं करायची, "नाव तर मी बी घेतंय रोज. टोपी नाय घातलीस कंदी!"

श्रावणातला शुक्रवार होता. खडकावर शेवाळ धरलं होतं. सत्र व्हायला नको होतं, पण पाहुणे पुढच्याच आठवड्यात येणार होते आणि मला रांग तुटू द्यायची नव्हती. सोन्याबाबाला मॅडमनं त्या दिवशी दोनदा 'छान' म्हटलं. उतरताना तो ते कमळीआजीला सांगत होता, बोलता बोलता मागे वळला आणि घसरला. फार उंचावरून नाही. पण उठेना. खुबा मोडला होता. चौघांनी घोंगडीची झोळी करून त्याला खोडाळ्याच्या रस्त्याला नेलं, तिथून जीपनं जव्हारला आणि पुढे नाशिकला.

त्या आठवड्याच्या अर्जात एक प्रश्न होता: 'सत्रादरम्यान कोणी पडले का?' सत्र अकराला सुरू झालं आणि पावणेबाराला संपलं. सोन्याबाबा पडला बाराला. मी 'नाही' लिहिलं. सोन्याबाबाच्या नावापुढे त्या दिवशीचीही हिरवी खूण राहिली. पाहुणे आले, त्याच खडकावर उभे राहून फोटो काढून गेले.

पुढच्या वेळी मी मथीआजीच्या दारात गेले तर खुर्ची खुंटीवरच. ती पाखडतच राहिली.

"लिवलंस का?" तिनं विचारलं.

"काय?"

"सोन्या पडला त्ये."

"सत्र संपल्यावर पडला ना आजी. नियमाप्रमाणे ते त्यात येत नाही."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी आपण होऊन जमिनीवर बसले. चहा मिळाला नाही. संध्याकाळी तिनं पाय धुतले आणि रिकाम्या घराकडे तोंड करून हाक दिली, "सोन्या, उभा हायस का?" उत्तर आलं नाही. ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि मग आणखी मोठ्यानं थेट कमळीआजीला हाक मारली. रोज ती तसंच करायची, असं मला कमळीआजीनं सांगितलं. सोन्याबाबा नाशिकला आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दोन मंगळवार गेले. तिसऱ्या मंगळवारी सत्र सुरू होऊन थोडा वेळ झाला होता, तेवढ्यात मथीआजी टावरदगडावर आली. अनवाणी, हातात काठी नाही, श्वासही चढलेला नाही. तिला बघून टॅबवरची मॅडम हरखली. "अरे वा! नवीन आजी! छान! नाव काय तुमचं?"

आजी टॅबपुढे उभी राहून तिच्या बोलीत भराभरा बोलली. इथून सोन्या पडला, तुमच्या शिकवणीपायी वर चढला होता म्हणून पडला, आणि ही बाय ते कागदावर लिहीत नाही. मॅडमला त्यातलं काही उमगलं नाही. "काय म्हणतायत आजी?" तिनं मला विचारलं.

आजूबाजूला सगळे म्हातारे टाचा टेकवून बघत होते. माझी नोकरी, ती रांग, मोठ्या पडद्यावरचं माझं नाव, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, "आजी म्हणतात, इथं चढून यायला त्रास होतो."

मी विसरले होते की ही बाई जवानीत भिवंडीच्या वीटभट्टीवर आणि नंतर ठाण्यात रेतीच्या घमेल्यांखाली वर्षानुवर्षं राबली होती. तिनं मला कोपरानं बाजूला केलं.

"मॅडम, ये बाय आधा बोलती है. मेरे को तरास नहीं. इधर से सोन्या गिरा, हड्डी टूटा. तुम्हारा छान छान सुनने को चढ़ा था. कागज में लिखा क्या?"

पडद्यावर मॅडम होती तशी थिजली. मला वाटलं, नेटवर्क गेलं. मग मॅडमनं माझं नाव घेऊन विचारलं, "हे खरं आहे?"

"खरं आहे," मी म्हटलं. त्यावेळी हे म्हणताना मला काही थोर वाटलं नाही, फक्त कान तापले होते. खाली उतरताना मथीआजी माझ्या पुढे होती. शेवाळाच्या जागी ती थांबली, न बघता हात मागे केला आणि मी तो धरला. पलीकडे गेल्यावर तिनं तो झटकून सोडवून घेतला.

संस्थेनं पंधरा दिवसांत पाडा कार्यक्रमातून काढला. 'नेटवर्कच्या तांत्रिक अडचणींमुळे', असं पत्रात होतं. सोन्याबाबाचं नाव त्यात कुठेच नव्हतं. मला जव्हारच्या कचेरीत बसवलं. तिथून मी गावोगावच्या म्हाताऱ्यांना फोन करून "आज व्यायाम केला का?" विचारायचे, ते "केला" म्हणायचे आणि मी खूण करायचे. कोण उभं आहे, कोण पडलंय, फोनवरून मला काय कळणार होतं! पुढे मी ती नोकरी सोडली. त्याचं श्रेय मी घेत नाही. मथीआजीसारखी माणसं दिवसभर डोक्यात बसून हसत असली की तसलं काम करता येत नाही.

दिवाळीनंतर मी पाड्यावर गेले, हात हलवत. सोन्याबाबा परतला होता. उभं राहणं संपलं होतं त्याचं. दारात खुर्चीवर बसला होता. एका खुर्चीवर नव्हे, दोन एकात एक घातल्या होत्या, डुगडुगू नये म्हणून, आणि खालच्या खुर्चीचे पाय मातीत पुरले होते. वरची खुर्ची मथीआजीची होती. तिच्या घरातली खुंटी रिकामी होती.

"आता तुला बसाया काय नाय," तिनं मला सुनावलं. "ऊठ. पाय धू."

तिनं मला त्या दगडावर एका पायावर उभं केलं. पन्नाशीतली मी, लोकांना तोल शिकवणारी, तांब्या हातात घेऊन दोनदा हेलपाटले. "भिंतीला धरू नको! बघ, शिकवनारी बघ!" म्हणत ती हसून हसून खोकली. मग तिनं खाली हाक दिली, "सोन्या, बसलास का?" त्याच्यासाठी तिनं हाक बदलली होती. "बसलूं, बसलूं!" म्हातारा खेकसला आणि त्यानं कमळीआजीला पुढे विचारलं.

माघात मथीआजी गेली. झोपेतच. संध्याकाळी पाय धुतले होते, हाक दिली होती. शेवटपर्यंत ती बाई कधी पडली नाही. मी पोचले तेव्हा माती होऊन दोन दिवस झाले होते. घरात कुणी नव्हतं. मी तिच्या दगडावर बसले आणि रडले. तिनं पाहिलं असतं तर सुपातला कोंडा उडवला असता.

उन्हं उतरली. खाली एकेका दारात म्हातारी माणसं येऊन थांबली. पाय धुतले, तांबे ठेवले. कुणी हाक देईना. ती वरूनच सुरू व्हायची आणि वर आता कुणी नव्हतं. सगळे तसेच उभे राहिले. मग सोन्याबाबानं खुर्चीत अंग वळवलं, मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं वरच्या घराला हाक मारली.

"बाय, उभी हायस का?"

मी बसले होते. उठून उभी राहिले आणि मग ओरडले, "हाय!"

त्यानं ऐकलं, मान फिरवली आणि खाली कमळीआजीला विचारलं.