दर शुक्रवारी जागी होणारी गाडी

दिनांक १४ ऑक्टोबर २०२२, शुक्रवार. तक्रारदार तुर्दुबेक, वय त्रेपन्न, व्यवसाय वाहनदुरुस्ती, राहणार कोचकोर. दिवंगत धाकटा भाऊ कुबात याची गाडी सलग सहाव्या शुक्रवारी, दुपारी एकच्या सुमारास, कोणी हात न लावता जागी झाली. कारण शोधण्यासाठी दुरुस्तीचे पुस्तक आणि गाडीने स्वतः केलेल्या नोंदी मागितल्या. कंपनीने तिसऱ्यांदा नकार दिला.

तुर्दुबेकने हे सुवाच्य अक्षरांत लिहिले. दोष आधी कागदावर उतरवावा आणि मगच पाना उचलावा, असे त्याला तंत्रविद्यालयात शिकवले होते. त्याच्या दुकानातल्या फळीवर जुन्या गाड्यांची तेलकट पुस्तके ओळीने उभी होती. त्यांत प्रत्येक स्क्रूचे चित्र होते, प्रत्येक तारेचा रंग होता. ज्याला वाचता येई त्याच्यापासून त्या गाड्या काही लपवत नसत. कुबातच्या परदेशी गाडीसोबत मात्र एक पातळ पत्रिका आली होती, आणि प्रत्येक अडचणीवर तिचे एकच उत्तर होते: अधिकृत केंद्राशी संपर्क साधावा. अधिकृत केंद्र सरहद्दीपलीकडे होते.

कुबात जुलैमध्ये वरच्या उतारावर गवत कापताना छाती धरून खाली बसला तो उठलाच नाही. दफनाआधी त्याला अंघोळ घालणाऱ्या पाच जणांना रिवाजाप्रमाणे त्याचे कपडे वाटले गेले. त्याची बायको जिपारा हिने आपल्याजवळच्या किल्लीने गाडी घरी आणली. त्याची किल्ली गवतात हरवली, असे सगळ्यांनी धरले.

पहिली थंडी पडली आणि हे सुरू झाले. शुक्रवारी सकाळी जिपारा सात तोकोच, म्हणजे छोट्या गोल रोट्या, तळायची. तापल्या तेलाचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो आणि त्यांची भूक निवते, म्हणून. तो वास अंगणात रेंगाळत असतानाच फाटकाशी उभ्या गाडीचे दिवे हळूहळू उजळत. चालकाची रिकामी खुर्ची मागे सरके, कुबातच्या लांब पायांना लागे नेमकी तितकी, आणि थांबे. चाकामागच्या काचेच्या पडद्यावर, कोपऱ्यात, दोनचा आकडा उमटे. मग आतून परक्या उच्चारांची एक बाई शांतपणे म्हणे, "कुबात."

जिपाराने टपाल कचेरीतली नोकरी सोडली. शुक्रवारी ती आपली किल्ली घरात ठेवून गाडीत जाऊन बसे, काचा बंद करून, शेजारच्या खुर्चीकडे तोंड करून. अंधार पडेपर्यंत.

"काय बोलतेस त्याच्याशी?" तुर्दुबेकने एकदा विचारले.

"मी कुठे बोलते, बाइके. ऐकते." थोरल्या दिराला ती बाइके, म्हणजे दादा, म्हणे. तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाची उगाच घडी केली. "ते मला न्यायला येतात. रिकामे परत पाठवायला बरं नाही वाटत. एखाद्या शुक्रवारी जाईन म्हणते."

तिच्या मनगटावरची बांगडी कोपरापर्यंत सरकू लागली होती. तुर्दुबेकला भुताची भीती नव्हती. ही बाई हिवाळा काढणार नाही, याची होती. त्याने कंपनीला पुन्हा दूरध्वनी केला.

"दोन म्हणजे काय, एवढंच सांगा."

"ती माहिती केंद्रातल्या तंत्रज्ञांसाठी आहे," पलीकडचा तरुण अदबीने म्हणाला.

"मी तंत्रज्ञच आहे."

"आमचा नाही."

सातव्या शुक्रवारी तुर्दुबेक सकाळपासून गाडीशेजारी उभा राहिला. जिपारा आत बसली होती. रस्त्यावर वारा नव्हता. शुक्रवारच्या नमाजाला निघालेले गावातले वृद्ध ओमुराली अता नेहमीप्रमाणे फाटकाशी थांबले, कुबातसाठी दुवा मागायला त्यांनी तळहात वर केले, आणि दिवे उजळले. खुर्ची सरकली. "कुबात," बाई म्हणाली. जिपाराने डोळे मिटले.

गाडीकडे पाहवेना म्हणून तुर्दुबेकने नजर फाटकाकडे वळवली. म्हाताऱ्याच्या अंगावर मेंढीच्या कातड्याचे अस्तर लावलेला तपकिरी कोट होता. डाव्या कोपरावरचे ठिगळ त्याच्या ओळखीचे होते; कोट कुबातचा होता. कुबातला अंघोळ घालणाऱ्यांत ओमुराली अता होते.

"अता, वीस पावलं मागे जा."

"दुवा अर्धी सोडून? बत्तीस वर्षं यंत्रं उघडतोयस, आता माणसांनाही पुढंमागं करायला लागलास?" कुरकुरत ते मागे गेले. दिवे विझले. ते परत आले. दिवे उजळले.

कोटाचा खिसा फाटका होता. तुर्दुबेकने अस्तराच्या आत बोटे घातली आणि किल्ली बाहेर काढली. दोन क्रमांकाची, कुबातची हरवलेली किल्ली; ती जवळ आली की गाडी त्याचे नाव घेई आणि खुर्ची त्याच्या मापाची करी. गाडीला सगळे माहीत होते. ती दर शुक्रवारी इमानाने आकडा लिहून ठेवत होती, आणि तो वाचायची मनाई फक्त त्या घराला होती.

जिपाराने काच खाली करून किल्लीकडे पाहिले.

"म्हणजे मला कोणी बोलावत नव्हतं," ती म्हणाली.

अतांनी कोट काढायला घेतला, तसा तिने त्यांचा हात धरला.

"राहू द्या, अता. थंडी आहे." मग तुर्दुबेकला, "किल्ली परत आत ठेवा, बाइके. हिच्यातला सेल किती दिवस चालतो?"

"ते पुस्तकात असेल."

"पुस्तक कुठाय?"

तुर्दुबेकने किल्ली अस्तरात परत सोडली. ती गाडीतून उतरली, आत गेली आणि उरलेले तोकोच फडक्यात बांधून तिने म्हाताऱ्याच्या हातात दिले. सोमवारी ती टपाल कचेरीत रुजू झाली. शुक्रवारी एक वाजता तिचा शिक्का मारणारा हात क्षणभर वर थांबतो, असे तिथले लोक सांगतात. गाडी अजून जागी होते. आत आता कोणी बसत नाही.

तुर्दुबेकच्या चौथ्या अर्जाला उत्तर आलेले नाही. तेव्हा वाचकहो, मागणी तुमच्याकडे आहे. रिवाजाप्रमाणे नव्या गाडीच्या चाकाला बोकडाचे रक्त लावण्याआधी विकणाऱ्याकडून दुरुस्तीचे पुस्तक मागा आणि गाडीच्या नोंदी मालकाला वाचता येतील असे लेखी घ्या. ते देत नसतील, तर गाडी घेऊ नका.