श्रावणात लग्नं नसतात

आमच्या सरकारी कॉलेजचं सभागृह लग्नांना भाड्याने द्यायचं ठरलं, तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. अनुदान आटत चाललं होतं, छप्पर गळत होतं आणि एग्मोर स्टेशन इतकं जवळ, की वऱ्हाडाने गाडीतून उतरून चालत मांडवात यावं. जॉर्ज टाउनमधले व्यापारी आगाऊ तारखा अडवायला लागले. रसायनशास्त्रवाले अंबत्तूरच्या कारखान्यांचं सांडपाणी तपासून फी मिळवत होतेच. एका बैठकीत प्राचार्य माझ्याकडे वळले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "आणि वनस्पतिशास्त्र काय देणार?"

मी विभागप्रमुख. माझ्याकडे देण्यासारखं होतं काय? सभागृहामागची बाग आणि बी.एस्सी.चा एक वर्ग, त्यातल्या बहुतेक मुली घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या. पुस्तकातलं पान आणि फांदीवरचं पान यांतला फरक मी त्या बागेतच शिकवत आले. बाग गेली तर विभाग गेलाच. "सावली देऊ," मी तडकून म्हटलं. कोणी हसलं नाही, आणि त्या न हसण्याचीच मला घरी पोचेपर्यंत धास्ती वाटत राहिली.

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. आधी लग्नं सभागृहात राहिली. मग पंगती व्हरांड्यात आल्या, मग चुली बागेच्या कुंपणाशी. वेळापत्रक पंचांग बघून लागायला लागलं. मुहूर्ताच्या दिवशी प्रात्यक्षिकं नाहीत. चाचण्या सगळ्या आडी महिन्यात, कारण आडीत तमिळ माणूस लग्न करत नाही. एका सकाळी येऊन बघते तर बागेतल्या दोन केळी बुंध्यापासून कापलेल्या आणि घडासकट फाटकाला बांधलेल्या. मी कडाकडा भांडले. आचाऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला कॉफी आणून दिली.

त्यानंतर कळलं, की कोणते वर्ग चालू ठेवायचे आणि कोणते बंद करायचे हे ठरवायला वरून समिती येणार आहे. तारीख ज्या त्या विभागाने सुचवायची होती. मला एक दिवस धुराशिवाय, नादस्वरमच्या सुरांशिवाय हवा होता. झाडं आणि मुली, एवढंच त्यांना दिसावं. सोलापूरहून आई दरवर्षी कॅलेंडर पाठवते, ते माझ्या स्वयंपाकघरात असतं. त्यात बघितलं, तर श्रावण. चातुर्मासात कोण लग्न लावतंय? मी एक गुरुवार कळवून टाकला आणि निर्धास्त झाले.

आदल्या दिवशी हेडक्लार्क काकांनी मला जिन्यात गाठलं. ते तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इथले.

"अम्मा, ही तारीख कोणीं काढली?"

"मीच. श्रावण आहे ना, काका."

"तो तुमच्या गांवचा श्रावण. हें ऊर वेगळं. इथं आवणी महिना लागला. आडी सरली कीं मुहूर्ताला रांग. उद्यां मोठं कल्याण आहे, मंटप सारा भरला."

समितीची माणसं तोवर गाडीत बसली होती.

दुसऱ्या दिवशी बाग धुराने भरली होती. मुली डोळे पुसत सूक्ष्मदर्शकांपाशी उभ्या होत्या. सांबाराच्या भांड्यांमधून वाट काढत मी समितीला झाडं दाखवत होते आणि खरं सांगायचं तर मनात एक आशा धरून होते: हे लोक चिडतील, प्राचार्यांना चार शब्द सुनावतील आणि ही लग्नं एकदाची थांबतील.

समितीचे अध्यक्ष थांबले ते नागलिंगाच्या झाडाखाली. त्याची फुलं खोडालाच का येतात, हे मी सांगायला लागले. ते माझ्याकडे बघतच नव्हते. कुंपणापर्यंत लांब ढांगा टाकत गेले, तसेच परत आले आणि त्यांनी प्राचार्यांना विचारलं, "इथे एका पंगतीला किती बसतील? ही झाडं नसती तर?" प्राचार्यांचा चेहरा उजळला. मग सगळे वधूपित्याच्या आग्रहावरून केळीच्या पानावर जेवले. निघताना अध्यक्ष मला मनापासून म्हणाले, "मॅडम, तारीख उत्तम निवडलीत. रिकाम्या दिवशी आलो असतो तर या जागेचं मोल कळलंच नसतं." मी हात जोडले.

काही आठवड्यांनी एक माणूस बागेत येऊन बुंध्यांवर चुन्याने खुणा करायला लागला. मला अजून कोणी काही कळवलेलं नव्हतं, पण ऑफिसातली माणसं माझ्याशी फार जपून बोलत होती. मी खिडकीतून त्या खुणा बघत उभी होते, तेव्हा दुसऱ्या वर्षातली एक मुलगी आत आली. तिची धाकटी बहीण बारावीला होती. सुट्टीच्या दिवशी ती हिच्याबरोबर बागेत यायची, पानं गोळा करायची.

"मॅडम, बहिणीला पुढच्या वर्षी इथेच घालायचंय. आपल्याच विभागात."

खालून कुऱ्हाडीचा नाही, अजून नुसता चुन्याच्या ब्रशाचा आवाज येत होता. मला रडू आवरेना, म्हणून मी तिच्याकडे पाठ केली.

"तिला कॉमर्स घ्यायला सांग," मी म्हटलं.

"कॉमर्सचा आता संध्याकाळचा, विनाअनुदानित वर्गच उरलाय, मॅडम. त्याची फी अप्पांना झेपायची नाही."